दुधी भोपळ्यावर सर्जरीचं प्रॅक्टिकल घेणारा सुश्रुत नेमका कोण होता?

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. इथून पिशवी घेऊन भाजीला निघालात तर दुधी, काकडी, कोहळा, तोंडली सहज मिळतात. उन्हाळ्यात कलिंगडांचे ढीग लागतात. वसाहत मागे टाकून ताडोब्याच्या रस्त्याला लागलं की बांबू, साग, काटेसावर आणि बेल. एखाद्या तळ्यात कमळं.

एवढं सामान गोळा करायचं. जोडीला थोडं मेण, थोडं चामडं आणि खाटकाकडून आणलेले मांसाचे तुकडे घ्यायचे. झालं, सर्जरी शिकणाऱ्या पोरांचं प्रॅक्टिकल घेण्याची तयारी पूर्ण.

ही यादी सुश्रुताची आहे. किमान दीड-दोन हजार वर्षं जुनी आहे आणि त्यात कुठल्या फळावर काय शिकवायचं हे अगदी नेमकं सांगितलंय.

आता सुश्रुत म्हटलं की आपल्याला काय आठवतं? व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा तो फॉरवर्ड. जगातला पहिला प्लास्टिक सर्जन, भारताने जगाला दिलेली देणगी, खाली एका पांढऱ्या दाढीवाल्या ऋषीचं चित्र. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या सर्जन लोकांच्या कॉलेजात त्याचा पुतळा आहे, त्याचाही फोटो फिरत असतो. नाकाच्या ऑपरेशनबद्दल सगळे बोलतात. पण नाकाला हात लावण्याआधी त्याचे विद्यार्थी काय कापत होते, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं. खरं तर सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे.

त्यामुळे आधी माणूस समजून घेऊ, मग त्याचं प्रॅक्टिकल.

सुश्रुताच्या आयुष्याबद्दल जे काही कळतं ते मुख्यतः त्याच्याच नावाच्या ग्रंथातून, म्हणजे सुश्रुतसंहितेतून. त्यात तो विश्वामित्राचा मुलगा असल्याचं सांगितलंय. महाभारताच्या अनुशासनपर्वातही विश्वामित्राच्या मुलांच्या नावांत सुश्रुत हे नाव येतं. पण विश्वामित्र हे एका घराण्याचंही नाव होतं, त्यामुळे गायत्री मंत्रवाल्या विश्वामित्राचाच हा मुलगा, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. जन्मतारीख, जन्मगाव, बायको-पोरं यांचा पत्ता नाही.

काळाचंही तसंच. फॉरवर्डमध्ये बिनधास्त इसवी सनापूर्वी ६०० लिहिलेलं असतं. हर्न्ले नावाच्या अभ्यासकाने साधारण तो काळ मांडला होता, तिथून तो आकडा लोकप्रिय झाला. दुसरे अभ्यासक त्याला काही शतकं पुढे आणतात. एक गोष्ट मात्र पक्की आहे. आज हातात असलेला ग्रंथ एका माणसाने एका बैठकीत लिहिलेला नाही. त्यावर पुढच्या पिढ्यांनी हात फिरवलाय, शेवटचा भाग तर नंतर जोडलेला मानतात. डल्हण नावाच्या टीकाकाराने संस्कार करणाऱ्याचं नाव नागार्जुन असं दिलंय. काठमांडूच्या केसर ग्रंथालयात या ग्रंथाची इसवी सन ८७८ मधली ताडपत्रावरची प्रत आहे आणि ती २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत गेली. म्हणजे सुश्रुत हा एक माणूसही आहे आणि त्याच्या नावाने पुढे चाललेली एक शाळाही आहे.

पण ग्रंथाची सुरुवात मात्र एकदम माणसांची आहे.

काशीचा राजा दिवोदास. त्याला धन्वंतरीचा अवतार मानायचे. राज्य सोडून तो आश्रमात राहत होता. त्याच्याकडे काही तरुण आले. औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित आणि सुश्रुत. आजारांनी तळमळणारी माणसं बघवत नाहीत, आम्हाला वैद्यक शिकवा, असं त्यांचं मागणं होतं. दिवोदासाने आयुर्वेदाची आठ अंगं सांगितली आणि यातलं काय शिकायचंय ते विचारलं. पोरांनी शल्यतंत्र निवडलं.

शल्य म्हणजे शरीरात घुसून सलणारी कुठलीही वस्तू. बाणाचं टोक, काटा, लाकडाची ढलपी, हाडाचा तुकडा, मोडलेलं नख. ती बाहेर काढण्याचं शास्त्र ते शल्यतंत्र. लढाया बाणांनी व्हायच्या त्या काळात याची गरज काय असेल, हे सांगायला नको.

मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपल्या सगळ्यांच्या वतीने प्रश्न सुश्रुत विचारेल. आजच्या भाषेत सुश्रुत त्या बॅचचा सीआर. गुरू सांगतोय, हा पोरगा विचारतोय आणि बाकीचे ऐकतायत, अशी सगळी संहिता उभी राहते. पहिल्या पाच भागांत १२० अध्याय आणि पुढे जोडलेल्या उत्तरतंत्रात ६६.

या शाळेत प्रवेश कुणाला मिळायचा? संहिता ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्यांची नावं घेते. पुढे असंही नोंदवते की चांगल्या कुळातल्या, गुणी शूद्रालाही मंत्र आणि उपनयन वगळून शिकवावं असं काहींचं मत आहे. म्हणजे दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं आणि त्यावर तेव्हाही वाद होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुण्यात तिचा संबंध येणार आहे.

प्रवेश मिळाला की पाठांतर. एकेक पद, एकेक पाद, न अडखळता, न गाता, नाकात न बोलता म्हणायचं. पाठ झालं की अर्थ. अर्थ कळल्याशिवाय नुसतं पाठ करणाऱ्याची तुलना ग्रंथाने चंदनाची ओझी वाहणाऱ्या गाढवाशी केलीय. गाढवाला वजन कळतं, चंदन कळत नाही.

बरं, अर्थही कळला. मग झाला का तो सर्जन?

सुश्रुताचं उत्तर आहे, नाही. ज्याने फक्त पुस्तक वाचलंय तो रोग्यासमोर उभा राहिला की रणांगणात सापडलेल्या भित्र्यासारखा गांगरतो. आणि ज्याला फक्त हाताचं काम येतं पण शास्त्र माहीत नाही, त्याला जाणत्यांत मान नाही आणि राजाने त्याला मृत्युदंड द्यावा इतकं कडक लिहिलंय. दोघंही एका पंखाच्या पक्ष्यासारखे. उडायला दोन्ही पंख लागतात.

मग हाताचा पंख वाढवायचा कसा? माणसावर शिकायचं तर माणूस मरतो.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. त्या काळात भूल नव्हती. ईथर वापरून लोकांसमोर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली ती अमेरिकेत १८४६ मध्ये. सुश्रुताकडे काय होतं? मद्य. ऑपरेशनआधी रोग्याला खायला घालायचं, म्हणजे त्याला चक्कर येणार नाही, आणि तिखट मद्य पाजायचं, म्हणजे शस्त्राची धार कमी कळेल. त्यामुळे चांगल्या सर्जनचे गुण सांगताना त्याने धाडस, झपाटा, धारदार शस्त्र, घाम न फुटणं, हात न थरथरणं आणि गोंधळून न जाणं हे सांगितलं. समोरचा माणूस जागा आहे, ओरडतोय, चार जणांनी त्याला धरून ठेवलंय आणि तुम्ही विचार करताय की आता कुठे कापू. प्रत्येक जादा क्षणाची किंमत तो रोगी मोजणार. म्हणून चुका आधी दुसरीकडे करून संपवायच्या.

यासाठी सूत्रस्थानाचा नववा अध्याय आहे. नाव योग्यासूत्रीय. योग्या म्हणजे सराव. मराठीत आपण योग्य हा शब्द लायक या अर्थाने वापरतो, इथे योग्या केलेली असेल तरच माणूस योग्य. सगळी शास्त्रं शिकून झालेल्या विद्यार्थ्याकडूनही योग्या करून घ्यावी, कारण कितीही ऐकलं-वाचलं असलं तरी सराव नसलेला माणूस कामाला नालायक, अशी या अध्यायाची सुरुवात आहे.

सुश्रुताच्या हिशेबाने शस्त्राची कामं आठ प्रकारची. प्रत्येक कामासाठी वेगळं डमी.

पहिलं काम छेद्य, म्हणजे कापून वेगळं करणं. त्यासाठी कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी आणि तिच्या जातीतली फळं. यावर वर कसं कापायचं, खाली कसं कापायचं हे दाखवायचं. निवड बघा. दुधीची साल टणक आणि आतला गर मऊ. सुरी किती दाबली की साल सुटते आणि किती दाबली की आत घुसते, हा फरक मनगटाला कळायला लागतो. कलिंगडाची साल जाड, काकडीची पातळ. म्हणजे वेगवेगळ्या कातडीवर हात बसतो.

दुसरं भेद्य, म्हणजे फोडणं. गळू फोडायचं आहे असं समजा. त्यासाठी चामड्याची पखाल, जनावराचं मूत्राशय किंवा चामडी पिशवी घ्यायची आणि त्यात पाणी किंवा चिखल भरायचा. पाण्याने भरलेली पिशवी फोडताना येणारा ताण वेगळा, चिखलाने भरलेलीचा वेगळा. ज्याने कधी पिकलेलं गळू आणि कच्चं गळू दाबून बघितलंय त्याला हे लगेच कळेल.

तिसरं लेख्य, खरवडणं. ताणून बांधलेलं केसाळ कातडं. चौथं वेध्य, शीर टोचणं. मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. कमळाचा देठ मोडून बघा, आत पोकळ नळ्या असतात. बाहेरून सुई घालून त्या पोकळीत नेमकं पोचायचं आणि पलीकडून बाहेर काढायची नाही.

पाचवं एष्य. जखमेला आत कुठे वाट फुटलीय ते सळईने शोधणं. भगंदरासारख्या दुखण्यात हेच काम. त्यासाठी किड्याने पोखरलेलं लाकूड, बांबू, बोरू आणि वाळलेल्या भोपळ्याचं तोंड. किड्याने पोखरलेल्या लाकडात बोगदा सरळ जात नाही, वळतो, फुटतो, अचानक संपतो. डोळ्यांना दिसत नाही, सळईच्या टोकाने जाणवतो. याहून चांगलं डमी कारखान्यात बनवायचं म्हटलं तरी वेळ लागेल.

सहावं आहार्य, ओढून काढणं. फणस, तोंडली आणि बेलफळाचा गर, शिवाय मेलेल्या जनावराचे दात. फणसाचा गरा फाटू न देता आठळी बाहेर काढणं काय असतं ते कोकणात कुणालाही विचारा. दात उपटण्यात जोर लागतो, बेलाच्या चिकट गरातून बी काढण्यात नाजूकपणा. सातवं विस्राव्य, साचलेलं वाहून जाऊ देणं. काटेसावरीच्या फळीवर मेण थापून त्यावर सराव.

आठवं सीव्य. टाके. जाड विणीच्या कापडाचे दोन काठ आणि मऊ चामड्याचे दोन काठ एकमेकांना शिवायचे.

यादी इथे थांबत नाही. पट्ट्या बांधायला कापड-मातीचा माणसाच्या आकाराचा पुतळा, प्रत्येक अवयव वेगळा दाखवणारा. पट्टी बांधण्याचे त्याने १४ प्रकार दिलेत, ते या पुतळ्यावर बांधून बघायचे. फाटलेली कानाची पाळी जोडायची तर आधी मऊ कातडी, मांस आणि कमळाच्या देठावर. डाग देण्याचं आणि क्षार लावण्याचं काम मऊ मांसाच्या तुकड्यांवर. बस्ती, म्हणजे एनिमा द्यायचा सराव पाण्याने भरलेल्या आणि बाजूला भोक असलेल्या घड्यावर.

एक बारीक गोष्ट राहते. हे सगळं स्वस्त आहे. सोन्या-चांदीचं काही नाही, राजाकडून मागून आणावं लागेल असं काही नाही. दहा वेळा चुकला तर दहा काकड्या गेल्या.

फळं-भाज्यांनी हात तयार होतो, पण शरीराच्या आत काय कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी सुश्रुताने मृतदेह उघडायला सांगितला. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात त्याची रीत आहे. देह पूर्ण अवयवांचा हवा. विषाने गेलेला नको, फार दिवस आजारी असलेला नको, शंभरीचा म्हातारा नको. आतड्यातली घाण काढायची. मुंज गवत, साल, कुश किंवा ताग यांनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा आणि वाहत्या पण फार ओढ नसलेल्या पाण्यात, आडबाजूला बुडवून ठेवायचा. सात रात्रींनी देह मऊ पडला की बाहेर काढायचा आणि वाळा, केस, बांबू किंवा गवताच्या कुंचल्याने हळूहळू घासत कातडीपासून एकेक थर सोडवत, आतलं सगळं डोळ्यांनी बघायचं.

यात सुरी नाही, कुंचला आहे. याचा एक तोटा झालाच. सात दिवस पाण्यात राहिलेल्या देहात मऊ अवयव आणि बारीक रक्तवाहिन्या नीट उरत नाहीत. हाडं, सांधे, स्नायू यांचं वर्णन संहितेत भरपूर आहे आणि आतल्या रक्ताभिसरणाबद्दल गोंधळ आहे, तो कदाचित यामुळेही असेल. पण ज्या समाजात प्रेताला हात लावला तर विटाळ मानत होते, तिथे वैद्याने हे करावं असं लिहून ठेवणं सोपं नव्हतं. डोळ्यांनी बघितलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही जुळलं की ज्ञान वाढतं, अशी त्याची भूमिका होती.

त्याच्या हत्यारांबद्दल थोडं. त्याने १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितलीत. यंत्रं म्हणजे चिमटे, नळ्या, सळया, आणि शस्त्रं म्हणजे धार असलेली. चिमट्यांची तोंडं सिंह, वाघ, लांडगा, कावळा, बगळा यांच्यासारखी बनवायची आणि नावंही तशीच. त्यातलं बगळ्याच्या जातीच्या पक्ष्यावरून घेतलेलं कंकमुख सगळ्यात कामाचं, कारण ते सहज आत जातं, वळतं आणि धरलेलं बाहेर काढतं. पण सगळ्यात महत्त्वाचं यंत्र कुठलं? हात. त्याच्याशिवाय एकही यंत्र चालत नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलंय.

शस्त्र हाताशी नसेल किंवा रोगी लहान मूल असेल, लोखंडाला घाबरत असेल, तर पर्यायही दिलेत. बांबूची धारदार कड, काच, स्फटिक, जळू, नख. खरवडायला शाक नावाच्या झाडाचं खरखरीत पान. शाक म्हणजे आपला साग. आलापल्लीच्या जंगलात फिरलेल्या कुणालाही सागाचं पान हाताला कसं लागतं ते माहीत असेल.

टाक्यांचा दोरा म्हणून बारीक सूत, ताग, स्नायू, केस, गुळवेलीचा तंतू आणि अश्मंतकाच्या सालीचा धागा चालतो. अश्मंतक म्हणजे दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो तो आपटा. टाका जखमेच्या काठापासून फार लांब घातला तर दुखतो, फार जवळ घातला तर काठ फाटून टाका निसटतो, हे त्याने सांगितलंय आणि आजही टाके शिकवणारे सर हेच सांगतात. जखमेत धूळ, केस, हाडाचा कण राहिला असेल तर आधी तो काढायचा, मगच शिवायचं, नाहीतर आत पू होतो. फाटलेलं आतडं जोडायला मोठ्या काळ्या मुंग्यांना काठावर चावायला लावायचं आणि धड तोडून डोकं तिथेच ठेवायचं, हा प्रकारही त्याच्याच ग्रंथातला.

एवढं शिकून झालं तरी पोरगा थेट दवाखाना टाकू शकत नव्हता. पुढचाच अध्याय त्यावर आहे. शास्त्र वाचलंय, अर्थ कळलाय, दुसऱ्याचं काम बघितलंय, योग्या केलीय आणि राजाची परवानगी मिळालीय, मगच त्याने गावात वैद्य म्हणून पाऊल टाकायचं. नखं-केस कापलेले, स्वच्छ, पांढरे कपडे घातलेला. मूतखड्याच्या ऑपरेशनचा भाग तर वाचण्यासारखा आहे. नाही केलं तर रोगी नक्की मरतो, केलं तर वाचेलच याची खात्री नाही, म्हणून आधी परवानगी घेऊन मगच हात घालावा असं तो सांगतो. कुशल वैद्यालाही यात अपयश येतं, हे तो लपवत नाही.

आता नाक.

त्या काळात नाक कापणं ही शिक्षा होती, सूड होता, अपमान होता. सुश्रुताची पद्धत अशी. झाडाचं पान घेऊन नाकाच्या मापाचं कापायचं. तेवढी कातडी गालावरून सोडवायची, पण एका बाजूने गालाला चिकटलेली ठेवायची, म्हणजे तिला रक्त मिळत राहतं. नाकाचा शेंडा ताजा खरवडायचा, वर ती कातडी बसवायची, पटकन शिवायची. श्वासासाठी नाकपुड्यांत दोन नळ्या. वर औषधी चूर्ण, कापूस आणि तिळाचं तेल. आधी पानाचं माप, मग माणूस. इथेही आधी दुसऱ्या वस्तूवर करून बघायची सवय सुटलेली नाही.

सुश्रुत गेला, ग्रंथ फिरत राहिला. मध्य आशियात कुचा इथे १८९० मध्ये सापडलेल्या बॉवर हस्तलिखितात त्याचं नाव आहे. आठव्या शतकाच्या सुमारास बगदादच्या खलिफांच्या काळात त्याचं अरबी भाषांतर झालं. पण इकडे, आपल्याकडे, वेगळंच घडलं. पोथी एका घरात राहिली आणि सुरी दुसऱ्या घरात गेली. संस्कृत जाणणारे वैद्य काढे आणि चूर्णं देत राहिले, रक्त-पू-मांसाला हात लावणं हलकं मानलं जाऊ लागलं. गळू फोडणं न्हाव्याकडे, हाडं बसवणं हाडवैद्याकडे, अशी कामं वाटली गेली. सुश्रुताने ज्या एका पंखाच्या पक्ष्याची भीती घातली होती, तसे दोन अर्धे पक्षी तयार झाले.

त्यातल्या हातवाल्या अर्ध्याने मात्र कमाल केली, आणि ती आपल्या पुण्यात.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकायला होता. १७९२ मध्ये टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा फिरला. मग पुण्यात एका माणसाने त्याला नवीन नाक लावून दिलं. तो माणूस विटा-मडकी घडवणाऱ्या समाजातला होता, कुंभार होता असं सांगितलं जातं. मुंबई इलाख्याचे इंग्रज डॉक्टर तिथे उभं राहून हे बघत होते.

पद्धत काय होती? मेणाचा पातळ पत्रा घेऊन उरलेल्या नाकावर आधी मेणाचंच नाक घडवायचं. ते चांगलं दिसतंय याची खात्री झाली की मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची आणि कातडी फिरवून खाली आणायची. वर पाण्यात भिजवलेल्या काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, एकावर एक पाच-सहा. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकायची. सुश्रुताने गालाची कातडी घेतली होती, इथे कपाळाची. सुश्रुताचं पान जाऊन मेण आलं होतं. म्हणजे हे पोथी वाचून केलेलं काम नव्हतं, घराण्यात हातातून हातात आलेलं होतं आणि वाटेत सुधारलेलंही होतं.

जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये सगळी हकीकत छापून आली. बैल हाकणाऱ्याचं नाव छापलं गेलं, बघणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावं छापली गेली. ऑपरेशन करणाऱ्याचं नाव कुणी लिहिलं नाही.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने या पद्धतीचा ध्यास घेतला. त्याने थेट रोगी गाठला नाही. आधी मृतदेहांवर हे ऑपरेशन करून करून हात बसवला आणि मग १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक बनवलं. १८१६ मध्ये त्याने यावर पुस्तक काढलं आणि युरोपभर हे ऑपरेशन भारतीय पद्धत म्हणून पोचलं. कार्प्यूने सुश्रुताचा नववा अध्याय वाचलेला असण्याचं काही कारण नाही, तरी वाट तीच.

पोथी आणि सुरी यांची पुन्हा भेट झाली कलकत्त्यात. मधुसूदन गुप्ता हे संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकवणारे वैद्य. १८३५-३६ मध्ये त्यांनी सुश्रुतसंहिता छापून काढली आणि १८३६ मध्येच कलकत्ता मेडिकल कॉलेजात मृतदेहाचं विच्छेदन केलं. आधुनिक काळात हे करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. प्रेताला हात लावला म्हणून समाज खवळणार हे माहीत होतं, पण ज्या माणसाने नुकतीच ती पोथी ओळ न ओळ तपासली होती, त्याला शास्त्राधार बाहेर शोधावा लागला नाही. नऊ वर्षांनी, १८४५ मध्ये, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं.

सुश्रुताचं नाव आजही वादात येतं. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य आणि शालाक्य तंत्रांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आयुर्वेद डॉक्टरांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण देण्याची अधिसूचना निघाली आणि इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याविरोधात देशभर काम बंद ठेवलं. एका बाजूने सांगितलं गेलं की सर्जरी मुळात सुश्रुताचीच आहे. दुसऱ्या बाजूने सांगितलं गेलं की त्या सुश्रुताचा आजच्या ऑपरेशन थिएटरशी संबंध नाही. टीव्हीवर दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या, पण हात किती आणि कशावर बसवलाय, हा त्याचा स्वतःचा प्रश्न चर्चेत फारसा आला नाही.

तो प्रश्न कॉलेजांत मात्र आलाय. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि कॉलेजात स्किल लॅब असणं बंधनकारक झालं. चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ चं, म्हणजे इथली सुरुवातीची चार वर्षं सोडली तर बाकीच्या बॅच याच बदलात शिकतायत. अशा लॅबमध्ये काय असतं? टाके घालायला सिलिकॉनची तीन थरांची गादी, वरचा थर कातडीसारखा, खाली चरबी, त्याखाली स्नायू. सलाईन लावायला प्लास्टिकचा हात, आत रबरी नळ्या आणि त्यात लाल पाणी. सुई बरोबर गेली तर लाल पाणी दिसतं, पलीकडे गेली तर दिसत नाही. लघवीची नळी घालायला कमरेखालचा पुतळा. छातीवर दाब द्यायला पूर्ण माणूस.

सिलिकॉनची गादी महाग असते आणि फार टोचली की फाटते. म्हणून हॉस्टेलवर पोरं केळ्याची साल शिवतात, संत्र्याच्या सालीवर कापायला शिकतात, मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे पाय आणून त्यावर रात्री टाके घालतात. गाठ चपळ व्हावी म्हणून खुर्चीच्या हाताला दोरा बांधून बसतात. सर्जरीच्या पोस्टिंगला पहिल्यांदा खऱ्या जखमेवर सुई धरायची वेळ येते तेव्हा निवासी डॉक्टर आधी एवढंच विचारतो, याआधी किती टाके घातलेस आणि कशावर.